कोल्हापूरला गेलात, पण जेवलात कुठे?

कोल्हापूरला कोण जात नाही? कोणी कोर्टाच्या तारखेला जातो. कोणी दुखणाईत माणसाला घेऊन सी. पी. आर. दवाखान्यात जातो. कोणी गूळ घेऊन मार्केट यार्डात जातो. बायाबापड्या अंबाबाईच्या दर्शनाला जातात. काम झाले की संध्याकाळच्या गाडीने माणूस घरी येतो. शेजारी विचारतो, "काय पाव्हणं, कोल्हापूर बघितलं का?" तो म्हणतो, "बघितलं की! स्टँड बघितला, कचेरी बघितली, परत स्टँड बघितला."

माझे वडील असेच होते. वर्षातून चार-पाच वेळा ते कोल्हापूरला जात. फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून नेत. दुपारी एखाद्या नळाजवळ बसून खात आणि वर ओंजळभर पाणी पीत. खिशात पैसे असत, पण हॉटेलात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. मी एकदा त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "आत गेल्यावर काय मागायचं ते मला ठावं नाही. भितीवर लिवलेलं वाचता येत नाही. मागितलं आणि पैसं कमी पडलं, तर चारचौघांत शोभा व्हायची."

त्यांची भाकरी चांगलीच होती. पण पन्नास वर्षे जाऊन-येऊन ते त्या शहरात परके ते परकेच राहिले.

तुम्हाला आता वाचता येते. तुम्हाला असे परके राहण्याचे कारण नाही. कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरात कुठे खातो, कसे खातो, कोणत्या दिवशी कुठे गर्दी करतो, ते आपण पाहू.

सकाळपासून सुरुवात करू. कोल्हापूरची सकाळ मिसळीने होते. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-चिवडा, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि तांबडालाल रस्सा. या रस्स्याला कोल्हापुरात 'कट' म्हणतात. मिसळीबरोबर मुंबई-पुण्याला गोल पाव देतात. कोल्हापुरात स्लाइस ब्रेड देतात. नवख्याला वाटते, ताटात चुकून काही दुसरे आले. चुकून नाही आले. इथली रीतच तशी आहे.

मिसळ संपायच्या आधी कट संपतो. तेव्हा लाजू नका. "कट वाढा की" म्हणा. वाढपी तांब्या किंवा पातेले घेऊनच फिरत असतो. ब्रेड जादा घेतला तर त्याचे पैसे पडतात. कटाचे बहुतेक ठिकाणी पडत नाहीत. पण ठिकाणा-ठिकाणाची रीत निराळी, म्हणून आधी विचारलेले बरे. तिखट सोसत नसेल तर तेही आधीच सांगावे. शहरातले लोकही सांगतात. त्यात कमीपणा कसला?

फडतरे, चोरगे, बावडा ही मिसळीची नावे रिक्षावालासुद्धा सांगेल. सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. माझे मत विचाराल तर तासभर रांगेत ताटकळू नका. ज्या पेठेत तुमचे काम असेल, तिथल्या एखाद्या दुकानदाराला विचारा, "तुम्ही स्वतः कुठं खाता?" तो सांगेल तिथे जा. फळकुटाच्या बाकावर बसून खाल्लेली ती मिसळ पुष्कळदा नावाजलेल्या मिसळीला हार जात नाही.

आता दुधाचे ऐका. गंगावेशीत दूध कट्टा आहे. तिथे म्हशी आणून बांधतात. गिऱ्हाईक समोर उभे असते. त्याच्या देखत धार काढतात आणि फेसाळलेला पेला त्याच्या हातात देतात. आपण गावचे लोक म्हणू, "यात काय नवल? आमच्या गोठ्यात हेच चालतं." खरे आहे. पण पेठेतल्या माणसाच्या घरी गोठा कुठला? शिवाय कोल्हापूर हे पैलवानांचे गाव. गंगावेस तालीम जवळच आहे. दूध आणि बदामाची थंडाई हा पैलवानाचा खुराक. एवढ्या मोठ्या शहरात भर रस्त्यात म्हैस पिळली जाते, हे पाहण्यासारखे आहे. फक्त एक सांगतो. कच्चे दूध सगळ्यांना सोसते असे नाही, आणि त्यातून आजारही होऊ शकतो. लहान मुले, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना उकळलेलेच दूध द्यावे.

दुपारी भूक लागली की खानावळ शोधावी. 'घरगुती खानावळ' अशी पाटी कोल्हापुरात जागोजाग दिसते. दारातच दरफलक असतो. आत शिरण्यापूर्वी तो सावकाश वाचावा. कोणी घाई करत नाही. शाकाहारी थाळी, मटण थाळी, अंडाकरी थाळी, असे लिहिलेले असते आणि पुढे रुपये असतात. खाली बारीक अक्षरांत जे लिहिले असते ते मात्र नीट वाचावे. 'एका थाळीत दोघांनी जेवू नये', 'मटण एकदाच मिळेल', 'जादा भाकरीचे पैसे पडतील' अशी वाक्ये तिथे असतात. पुढे जी भांडणे होतात, ती या बारीक अक्षरांवरूनच होतात.

मटण थाळीत दोन वाट्या येतात. एका वाटीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा. दोन्ही रस्से मटण शिजवलेल्या पाण्याचेच. मटण आधी आले-लसूण, हळद, मीठ लावून शिजवतात. त्या पाण्याला 'आळणी' म्हणतात. त्यातले थोडे बाजूला काढून त्यात नारळाचे दूध घालतात. खसखस, तीळ, काजू वाटून लावतात. लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी यांचा वास देतात. हा झाला पांढरा. नारळाचे दूध घातल्यावर तो खळखळ उकळू देत नाहीत, नाहीतर फुटतो. उरलेल्या आळणीत भाजलेले खोबरे, तीळ आणि कांदा-लसूण चटणी पडते. तो तांबडा.

ही चटणी म्हणजे कोल्हापूरकराचा जीव. उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी करतात. मिरचीही पाहून घेतात. ब्याडगी मिरचीने रंग येतो, संकेश्वरीने तिखटपणा येतो. परगावच्या हॉटेलांत फलकावर 'कोल्हापुरी' असे लिहितात आणि भाजीत नुसती लाल भुकटी ओततात. ती खाऊन डोळ्यांतून पाणी आले म्हणजे लोकांना वाटते, कोल्हापुरी खाल्ले! खरा तांबडा रस्सा तोंड भाजत नाही. आधी वास येतो, मग चव लागते आणि घाम शेवटी येतो.

आधी पांढरा प्यावा की तांबडा, यावर कोल्हापुरात एकमत नाही. तुम्ही वाटेल तसे करा. वाढपी "रस्सा वाढू का?" म्हणून विचारत येईल. नको असेल तर वाटीवर हात धरा. नुसते "नको" म्हटलेले तिथे कोणी ऐकत नाही.

मटणावर या गावाचे किती प्रेम! २०१९ सालच्या अखेरीस मटणाचा दर फार चढला. तेव्हा कोल्हापूरकर चिडले. पुष्कळांनी मटण घेणेच बंद केले. दराविरुद्ध कृती समिती झाली आणि बैठकांवर बैठका झाल्या. दुसऱ्या एखाद्या शहराने कांद्यासाठी किंवा पेट्रोलसाठी एवढे केले असते. श्रावणात मात्र याच खानावळी ओस पडतात. त्या महिन्यात गेलात तर मटण थाळीची आशा धरू नका.

जेवण झाले की बिल येते. ते खिशात कोंबू नका, वाचा. आपण जे खाल्ले तेवढेच लिहिले आहे ना, दर फलकावरचाच आहे ना, बेरीज बरोबर आहे ना, हे पाहा. मोठ्या हॉटेलात बिलाखाली 'सेवा शुल्क' असे लिहिलेले असते. हा सरकारी कर नव्हे. तो हॉटेलचा आकार आहे आणि तो सक्तीने घेता येत नाही. ४ जुलै २०२२ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे सांगितले आहे. तुम्ही "हे काढा" म्हणू शकता. ऐकले नाही तर १९१५ या फोन क्रमांकावर तक्रार करता येते. बंद बाटलीतले पाणी न मागता पुढे ठेवले तर "साधं पाणी द्या" म्हणावे. मी स्वतः एकदा शहरात न मागितलेल्या बाटलीचे पैसे दिले आहेत. बोलायला जीभ रेटली नाही. वडिलांची आठवण झाली.

आता जरा थांबू. हॉटेलाच्या दाराची एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती कोल्हापूरचीच आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळची ही गोष्ट. महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. ते जातीने अस्पृश्य मानले जात. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना तिथल्याच सवर्ण नोकरांनी बेदम मारले. महाराज तेव्हा परगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराज संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली. आणि गंगारामांना म्हणाले की, आता नोकरी नको, स्वतःचा धंदा कर.

गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक हॉटेल'. हॉटेल स्वच्छ होते. चहा चांगला होता. पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? ही बातमी महाराजांच्या कानावर गेली. मग महाराजांची गाडी त्या रस्त्याने येऊ लागली. ती हॉटेलासमोर थांबे. महाराज हाक मारून चहा मागवीत आणि भर रस्त्यात, लोकांच्या देखत, पीत. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कोणी सहीसाठी कागद घेऊन आला, तर त्यालाही आधी गंगारामच्या हॉटेलातला चहा प्यावा लागे, असे सांगतात.

१९१९ साली महाराजांनी सार्वजनिक जागी शिवाशीव पाळू नये असे हुकूम काढले. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले. पुढे नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते कोणी उभारले? याच गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन उभारले. एका चहावाल्याने राजाचे स्मारक केले.

महाराज गेले, पण सगळे हुकूम गावोगाव पोचले असे नाही. पुष्कळ गावांत चहाच्या टपरीवर दोन प्रकारचे कप राहिले. काहींना आत बाक, काहींना बाहेर ओटा. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिने अस्पृश्यता बंद केली. दुकान, हॉटेल, उपाहारगृह यांत धर्म, जात, लिंग पाहून कोणाला अडवता येणार नाही, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. १९५५ च्या कायद्याने, अस्पृश्य म्हणून कोणाला हॉटेलात अडवणे हा गुन्हा ठरला. आज तुम्ही खानावळीत शिरता, हात धुता, मोकळ्या खुर्चीवर बसता. कोणी तुमची जात विचारत नाही. उद्या कोठे कोणी विचारलीच, तर कायदा तुमच्या बाजूला आहे. दर वाचता येणे जसे कामाचे, तसे हेही ठाऊक असणे कामाचे.

बायकांचेही सांगायला हवे. आमच्या आईला वडिलांनी अंबाबाईला नेले, पण जेवायला खानावळीत नेले नाही. वडीलच आत गेले नाहीत, तर तिला कोण नेणार? आज पुष्कळ बायका दर्शन झाल्यावर चार जणी मिळून मिसळ खायला जातात. खुशाल जावे.

खाणे झाले. आता पाहणे.

कोल्हापुरात कोणत्या दिवशी काय असते, हे ठरवून गेले तर एका खेपेत दोन कामे होतात. अंबाबाईचे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या आरंभी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या पायांवर पडतात, मग कमरेपर्यंत चढतात, मग मुखावर येतात. याला किरणोत्सव म्हणतात. सारा खेळ काही मिनिटांचा. आभाळ आले किंवा वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आला, तर किरणे अडतात आणि लोक हळहळत परततात. जुन्या कारागिरांनी सूर्याची चाल किती बारकाईने पाहिली असेल, याचा विचार करावा.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात जावे. तिथे पालख्या येतात, छत्रपती घराण्यातले लोक येतात, शमीची पूजा होते आणि मग सोने लुटायला एकच झुंबड उडते. त्याच चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. चौकाच्या आसपास निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे दिसतील. खेड्यांतली मुले शिकावीत, त्यांना शहरात राहायला आणि जेवायला मिळावे, म्हणून महाराजांच्या काळात ती निघाली. तुमच्या-आमच्यासारख्या खेडुतांची पोरे तिथे जेवून शिकली.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लावतात. थंडी असते. पोरेटोरे, म्हातारीकोतारी, सगळे आलेले असतात. पैसा लागत नाही.

कुस्तीची आवड असेल त्याने खासबाग मैदान पाहावे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने गोल मैदान पाहिले. त्यावरून त्यांनी हे मैदान बांधवले. ते १९१२ साली खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आहे आणि चारी बाजूंनी बसायची जागा चढत गेलेली आहे. त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्यालाही कुस्ती नीट दिसते. राजाला दिसते तेच हमालाला दिसते. जवळच केशवराव भोसले नाट्यगृह. तेही महाराजांनीच १९१५ साली उभे केले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यात उभे राहून रडले. मग ते नव्याने उभारायचे ठरले. नाटकासाठी जाणार असाल तर प्रयोग कुठे आहे, हे आधी विचारून घ्या.

चैत्रात जोतिबाची यात्रा असते. सासनकाठ्या, गुलाल, चांगभलंचा गजर. तिथे तुम्ही जातच असाल, तेव्हा मी काय सांगू? पण आषाढातली एक गोष्ट परगावच्या लोकांना ठाऊक नसते. नदीला नवे पाणी आले की पेठांतले लोक ते कलशात भरून वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात. पोरींच्या डोक्यावर कलश आणि पुढे 'पी ढबाक' वाद्ये. एकेका गल्लीचा एकेक दिवस. मग घरोघर पाहुण्यांना मटणाचे जेवण. त्या जेवणाला दरफलक नसतो. कोणी ओळखीचा भेटला आणि "जेवायला या" म्हणाला, तर मोडता घालू नका. आषाढात असे दार मोडून नकार देणे कोल्हापुरात वाईट दिसते.

पावसाळ्यातच ऑगस्टच्या सुमारास कृषी खाते जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवते. खेड्यांतल्या बायका रानातल्या भाज्या आणतात. कुर्डू, टाकळा, भारंगी, पाथरी, घोळ. काही बचत गट भाकरीबरोबर शिजवूनही देतात. शहरातले लोक मोटारीतून येतात, "ही कशी करायची हो?" म्हणून विचारतात, वहीत उतरवून घेतात आणि पैसे मोजून जुड्या नेतात. आपण जी भाजी बांधावरून फुकट खुडतो आणि पाहुणा आला की लपवतो, तिला तिथे मान आहे. आमच्या भागातल्या एक काकू पहिल्या वर्षी टोपली घेऊन गेल्या तेव्हा कोपऱ्यात बसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने भाज्यांची नावे आणि दर लिहून नेले. 'कुर्डू'तला 'र्' त्यांनी चुकीच्या जागी काढला होता. तरी अकरा वाजेपर्यंत टोपली रिकामी झाली.

अशा मेळाव्याची तारीख तालुका कृषी कार्यालयात कळते. फलकावर लावलेली असते. विक्रीला बसायचे असेल तर गटाचे नाव आधी द्यावे लागते.

आणि हो, शेवटच्या गाडीची वेळ. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा या बाजूच्या लोकांनी रंकाळा स्टँडवरचे वेळापत्रक सकाळी उतरल्याबरोबर वाचून ठेवावे. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात. तिथे वेळ कसा जातो ते कळत नाही, आणि भेळ खाता खाता गाडी चुकलेले लोक मी पाहिले आहेत.